ऋतू दाखवणारं सूर्य-पृथ्वी मॉडेल: घेताना बाकी काही बघू नका, बेल्ट बघा

पाचपैकी साडेतीन स्टार. एक स्टार बेल्टसाठी कापला आणि अर्धा सोबतच्या माहितीपत्रकासाठी. बेल्ट नीट असता तर साडेचार दिले असते इतकं हे मॉडेल कामाचं आहे, त्यामुळे नुसते स्टार बघून पुढे जाऊ नका, पूर्ण वाचा.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. गोल बेस, मध्ये खांबावर सूर्य म्हणजे पिवळी प्लास्टिकची घुमटी आणि आत एलईडी, खांबातून निघालेला साधारण 30 सेंटिमीटरचा आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला खुंटीवर 8 सेंटिमीटरची पृथ्वी तिरकी बसवलेली, बाजूला तारेवर चंद्र. मोटर नाही. दांडा हाताने फिरवायचा, पृथ्वी बोटाने. मोटर नाही म्हणून बऱ्याच जणांनी नाकं मुरडलीत पण मला उलट तेच आवडलं, मोटरवालं मॉडेल पोरं दोन मिनिटं बघतात आणि उठून जातात, हाताने फिरवायचं असलं की थांबवता येतं, मागे नेता येतं, त्यावर भांडता येतं. बेसवर गोलाकार बारा महिने छापलेत, दांड्यावरचा बाण ज्या महिन्यावर आला तो महिना चालू. आणि पृथ्वीखाली झुकाव बदलायचा एक स्क्रू आहे, त्यावर 0, 23.5 आणि 90 अशा खुणा. हा स्क्रू म्हणजे पैसे वसूल प्रकार आहे, पण त्याच्याकडे नंतर येते.

आधी बेल्ट. कारण ऋतू का होतात हे विचारलं की बहुतेक जण पाठ केल्यासारखं सांगतात की पृथ्वीचा आस 23.5 अंशांनी कललेला आहे म्हणून, आणि उत्तर चूक नाहीये, पण ते अर्धंच आहे. नुसत्या कलण्याने ऋतू होत नाहीत. कललेला आस वर्षभर आकाशात एकाच दिशेला बघत राहतो म्हणून ऋतू होतात. हा दुसरा अर्धा भाग पुस्तकातल्या चित्रात दिसतच नाही, चार पृथ्व्या काढलेल्या असतात आणि चारही एकाच बाजूला तिरक्या, आणि त्या तशा का आहेत हे कोणी विचारत नाही. या मॉडेलमध्ये ते काम एक साधा दातेरी रबरी बेल्ट करतो. एक पुली मधल्या खांबाला घट्ट बसवलीये, ती हलत नाही. दुसरी तेवढ्याच दातांची पुली पृथ्वीच्या खुंटीखाली. दोन्हींवर मिळून एक बेल्ट, दांड्याच्या आतून गेलेला. तुम्ही दांडा जितका फिरवाल तितकाच बेल्ट खुंटीला उलटा फिरवतो, त्यामुळे पृथ्वी सूर्याभोवती फिरते पण तिचा उत्तर ध्रुव खोलीतल्या ज्या खिडकीकडे बघत होता तिकडेच बघत राहतो.

हे डोळ्यासमोर बघायला खरंच मजा येते. जूनवर दांडा ठेवला की पृथ्वी आणि खिडकी यांच्या मध्ये सूर्य, ध्रुव खिडकीकडे कललेला म्हणजे आपोआप सूर्याकडे कललेला. अर्धी फेरी मारून डिसेंबरला आणा, आता पृथ्वी खिडकीच्या बाजूला आली, ध्रुव अजूनही खिडकीकडेच, पण सूर्य मात्र त्याच्या पाठीमागे. ध्रुव तसूभरही हलला नाही आणि उन्हाळ्याचा हिवाळा झाला. मार्च आणि सप्टेंबरला ध्रुव सूर्याकडेही नाही आणि सूर्यापासून लांबही नाही, बाजूला कललेला, तेव्हा प्रकाशवृत्त, म्हणजे उजेड आणि अंधार यांच्यातली सीमारेषा, दोन्ही ध्रुवांवरून जातं आणि दिवस-रात्र सारखे.

आता खरा प्रयोग. दांड्याचं खालचं झाकण काढा (दोन स्क्रू आहेत), बेल्ट उतरवा, खुंटीला चिकटपट्टी लावून दांड्याशी पक्की करा आणि जूनपासून फेरी मारा. झुकाव तोच 23.5. पण आता ध्रुव दांड्याबरोबर वळतो आणि वर्षभर सूर्याकडेच तोंड करून राहतो. उत्तर गोलार्धात बारा महिने उन्हाळा, दक्षिणेत बारा महिने हिवाळा, ऋतू शून्य. झुकाव पूर्ण आहे तरी ऋतू नाहीत! एवढं एक दाखवायला जरी हे मॉडेल घेतलं तरी चालेल असं माझं मत आहे, आणि गंमत म्हणजे कंपनीने हा प्रयोग माहितीपत्रकात कुठेही लिहिलेला नाही, बहुतेक त्यांना स्वतःच्या बेल्टची किंमत कळलेली नाही.

खऱ्या पृथ्वीला अर्थातच बेल्ट नाही. स्वतःभोवती जोरात फिरणारी जड वस्तू आपल्या आसाची दिशा सोडत नाही, ती वळवायला बाहेरून काहीतरी पिळावं लागतं, आणि पृथ्वीला पटकन पिळेल असं आसपास काही नाही. त्यामुळे आस ध्रुवताऱ्याच्या जवळपास रोखलेला तो रोखलेलाच, पृथ्वी सूर्याच्या या बाजूला असो की 30 कोटी किलोमीटर पलीकडे दुसऱ्या बाजूला.

आता तक्रार. माझ्या पीसमधला बेल्ट ढिला निघाला. पुलीला 40 दात आहेत, म्हणजे बेल्ट एक दात घसरला की आस 9 अंश वळला. जरा जोरात फिरवलं की फेरीत दोन-तीन दात सहज घसरायचे. पहिल्यांदा हे भाचीच्या लक्षात आलं. ती आपली जून ते जून फेरी मारत बसली होती आणि म्हणाली, "मावशी, याचा ध्रुव खिडकीकडे होता ना, आता कपाटाकडे बघतोय." मी म्हटलं तू धक्का मारला असशील. "नाही गं, मी बोटसुद्धा लावलं नाही, तूच फिरव." फिरवलं, तर खरंच, तीन दात म्हणजे 27 अंश, म्हणजे छापलेल्या जूनमध्ये उन्हाळ्याचा मध्य येतच नाही, जवळजवळ महिनाभराचा घोळ. तुम्ही जर हे वर्गात दाखवणार असाल तर दुसऱ्या फेरीला सगळं भलतंच दिसायला लागेल आणि पोरं तुम्हालाच विचारतील.

कस्टमर केअरला कळवलं तर त्यांचं म्हणणं असं की "आस थोडा फिरणं नॉर्मल आहे". आता एका अर्थाने बरोबरच बोलला बिचारा, खऱ्या पृथ्वीचा आसही फिरतो, सूर्य-चंद्र पृथ्वीच्या विषुववृत्ताजवळच्या फुगवट्याला ओढत राहतात आणि आस भोवऱ्यासारखा हळूहळू गोल फिरतो, त्याला परांचन गती म्हणतात आणि ग्रीक खगोलज्ञ हिपार्कसने ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातच पकडली होती. पण तिचा वेग आहे साधारण 72 वर्षांत 1 अंश, पूर्ण गिरकीला जवळपास 26,000 वर्षं. माझ्या मॉडेलने 27 अंश एका वर्षात उरकले, म्हणजे दोन हजार वर्षांचं काम एका फेरीत. अजून बाराएक हजार वर्षांनी ध्रुवाजवळचा ठळक तारा अभिजित असणार आहे, या बेल्टच्या भरवशावर राहिलं तर तो सहा-सात फेऱ्यांतच येतो.

बाय द वे त्या परांचनामुळे आपल्या कॅलेंडरमध्ये जून हळूहळू हिवाळ्यात जाणार का, तर नाही. आपलं रोजचं कॅलेंडर ऋतूंच्या वर्षाला बांधलेलं आहे, 365.2422 दिवस, ताऱ्यांच्या वर्षाला नाही, जे त्यापेक्षा 20 मिनिटांनी मोठं आहे. त्यामुळे 21 जूनच्या आसपासचा अयनदिन, म्हणजे उत्तरेतला सगळ्यात मोठा दिवस, तिथेच राहतो, सरकतात ते तारे.

बेल्टचा उपाय मी केला तो सांगते. खुंटीच्या बुडाशी बेस पकडणारा बोल्ट आहे, तो लांबट भोकात बसलाय, सैल करून खुंटी दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढली आणि परत आवळलं. बेल्ट ताणला गेला, घसरणं थांबलं. हे कंपनीने करून पाठवायला हवं होतं म्हणून एक स्टार गेला तो गेलाच. सुटा बेल्ट मिळत नाही असंही सांगितलं, त्यामुळे फार ताणू नका.

आता माहितीपत्रक, अर्धा स्टार. रंगीत, गुळगुळीत, आणि पहिल्याच पानावर पृथ्वीची कक्षा काढलीये ती चेपलेल्या लांबुळक्या अंड्यासारखी, सूर्य एका टोकाला. बघणाऱ्याच्या डोक्यात दुसरं काय येणार, की पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा. कुठे तसं लिहिलेलं नाही पण चित्र तेच ओरडून सांगतंय. खरं काय आहे, तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ येते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, अंतर साधारण 14 कोटी 71 लाख किमी, आणि सगळ्यात लांब जाते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, 15 कोटी 21 लाख किमी. म्हणजे उत्तर गोलार्ध गारठलेला असतो तेव्हाच आपण सूर्याला जवळ असतो. आणि अंतरामुळे ऋतू होत असते तर दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी उन्हाळा आला असता, हा मुद्दा तर पाचवीतल्या पोरालाही पटतो.

कक्षा किती लांबुळकी आहे याचा हिशोब मी याच मॉडेलवर करून बघितला. लंबवर्तुळाची विकेंद्रता, म्हणजे ते पूर्ण गोलापासून किती लांबुळकं आहे याचा आकडा, 0.0167. दांडा 30 सेंटिमीटरचा धरला तर सूर्य मध्यापासून फक्त 5 मिलिमीटर सरकवायला लागेल, आणि कक्षा एका बाजूने चेपली जाईल ती 0.04 मिलिमीटरने. दिसणारसुद्धा नाही. म्हणजे मॉडेल पूर्ण गोल फिरतं हे जवळजवळ बरोबर आहे आणि शेजारचं छापील चित्र साफ दिशाभूल करणारं, एकाच खोक्यात दोन्ही. माझा सल्ला, पोरांच्या हातात देण्याआधी ते पान काढून ठेवा.

अंतराचा परिणाम अजिबातच नाही असंही नाही हां. जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा जवळपास 7 टक्के जास्त ऊन मिळतं. शिवाय जवळ असताना पृथ्वी जरा जोरात पळते, त्यामुळे मार्च ते सप्टेंबर हे सूर्य उत्तरेला असण्याचे दिवस भरतात साधारण 186 आणि सप्टेंबर ते मार्च 179. आठवडाभराचा फरक. हे मॉडेलमध्ये दिसत नाही, महिने सारख्या अंतरावर छापलेत, पण या वस्तूकडून तेवढी अपेक्षा मी ठेवत नाही.

लाइटबद्दल बरंच बोलायचंय. आधी ती पिवळी घुमटी काढून टाका, फिरवली की निघते. घुमटी असताना उजेड पसरट येतो आणि प्रकाशवृत्त धूसर दिसतं, काढली की एलईडीचा उजेड सरळ पडतो आणि दिवस-रात्रीची सीमा चाकूने कापल्यासारखी. खोलीत अंधार करा. मग पृथ्वीवर 15-15 अंशांवर 24 रेखावृत्तं छापलेली आहेत, प्रत्येक रेषा म्हणजे एक तास, त्यांचा वापर करा. कुठलंही एक अक्षवृत्त धरायचं आणि त्याच्यावरच्या किती रेषा उजेडात आहेत ते मोजायचं, तेवढ्या तासांचा दिवस. भाचीला हे इतकं आवडलं की प्रत्येक महिन्याला थांबून मोजत बसली.

पण मोजल्यावर एक गडबड कळते. मार्चमध्ये विषुववृत्तावर बारा रेषा उजेडात हव्यात, येतात अकरा. 50 अंश उत्तरेला जूनमध्ये खरा दिवस 16 तासांच्या वर असतो, मॉडेलवर रेषा मिळतात चौदा-पंधरा, आणि डिसेंबरमध्ये खरे आठ तास, मिळतात पाच-सहा. कारण सोपं आहे. खरा सूर्य एवढा लांब आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळपास समांतर येतात आणि बरोबर अर्धी पृथ्वी उजळते. इथे बारकासा एलईडी 30 सेंटिमीटरवर आहे, त्याचा उजेड पसरत येतो आणि अर्ध्यापेक्षा कमी गोळा उजळतो, चारी बाजूंनी सात-आठ अंश अंधारात राहतात. त्यामुळे जूनमध्ये मध्यरात्रीचा सूर्य 66.5 अंशांवर आर्क्टिक वृत्तापर्यंत दिसायला हवा तो मॉडेलवर 74 अंशांच्या पुढेच दिसतो. महागड्या मॉडेलमध्ये सूर्यापुढे भिंग देऊन किरण समांतर करतात, ह्यात नाहीये. यासाठी मी स्टार कापला नाही कारण उलट हे समजावून सांगताना समांतर किरण म्हणजे काय हे पोरांना फार चांगलं कळतं. फक्त शिकवणाऱ्याला आधी माहिती पाहिजे, नाहीतर ऐनवेळी पंचाईत.

एक चेक सगळ्यांनी करा: दांडा मार्चवर ठेवून दोन्ही ध्रुव बघा, दोन्ही सारखेच अंधारात पाहिजेत. एक जास्त उजळला तर एलईडी पृथ्वीच्या मध्याच्या उंचीला नाही, वर किंवा खाली आहे, आणि मग तुमच्या मॉडेलवर एका गोलार्धाला कायमचा जास्तीचा उन्हाळा. माझ्यात उंची बरोबर होती.

दिवस मोठा-लहान होणं ही एक गोष्ट, दुसरी म्हणजे ऊन किती तिरकं पडतं. त्यासाठी थोडी माती आणि टाचणी पुरते. 50 अंश उत्तरेला टाचणी उभी केली, पृथ्वी फिरवून ती सूर्यासमोर म्हणजे दुपारच्या जागी आणली, जूनमध्ये सावली बुटकी, डिसेंबरमध्ये लांबच लांब, टाचणीच्या तिपटीहून जास्त. हिशोबात तिथे दुपारचा सूर्य जूनमध्ये 63.5 अंश वर असतो आणि डिसेंबरमध्ये जेमतेम 16.5. तिरकं ऊन म्हणजे तेवढेच किरण जास्त जमिनीवर वाटले जातात, सूर्य 30 अंशांवर असेल तर सरळ उन्हाच्या दुप्पट जागेवर. 63.5 आणि 16.5 मधला फरक धरला तर दुपारच्या उन्हाचा जोर जूनमध्ये तिप्पट. त्यावर दिवसही दुप्पट मोठा. दोन्ही मिळून वातावरणाच्या वरच्या टोकाला दिवसभरात पोचणारी ऊर्जा जूनमध्ये डिसेंबरच्या साधारण साडेपाच पट होते. कुठे हे साडेपाच पट आणि कुठे अंतराचे 7 टक्के! एवढी तुलना जरी त्या माहितीपत्रकात छापली असती तर अंड्याचं चित्र मी माफ केलं असतं.

टाचणी मग 10 अंश उत्तरेला हलवा. जूनमध्ये सावली दक्षिणेला पडते, डिसेंबरमध्ये उत्तरेला. म्हणजे मधे कधीतरी सूर्य बरोबर डोक्यावरून गेला, आणि वर्षातून दोनदा गेला. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या सगळ्या जागांचं असंच असतं, आणि म्हणूनच तिथे थंडी-उन्हाळ्यापेक्षा पावसाळा आणि कोरडा काळ हा फरक जास्त जाणवतो, कारण पावसाचा पट्टा सूर्याच्या मागे मागे उत्तर-दक्षिण सरकतो. मॉडेलमध्ये पाऊस नाही पण टाचणीच्या सावलीवरून सूर्याचं हे येणं-जाणं मस्त समजतं.

आणि एक गोष्ट ज्यावर भाचीचा विश्वासच बसेना. जूनच्या अयनदिनाला 24 तासांत सगळ्यात जास्त ऊन वातावरणाच्या वर कुठे मिळतं? विषुववृत्तावर नाही, उत्तर ध्रुवावर. विषुववृत्तापेक्षा 35 टक्क्यांच्या आसपास जास्त. ऊन तिरकं आहे पण मावळतच नाही ना. पृथ्वी बोटाने फिरवत राहा, ध्रुवावरचा ठिपका एकदाही अंधारात जात नाही. तरी ध्रुव तापत का नाही, तर बर्फ बरंचसं ऊन परत पाठवतो आणि उरलेल्यातलं बरंच बर्फ वितळवण्यात खर्च होतं. "मग सहा महिन्यांच्या रात्रीत तर सगळंच गोठत असेल," असं म्हणून ती स्वतःच डिसेंबरवर गेली.

मॉडेल जे दाखवत नाही आणि दाखवूही शकत नाही ते म्हणजे उशीर. सगळ्यात मोठा दिवस जूनमध्ये, मग मध्य आणि उंच अक्षांशांवर सगळ्यात गरम आठवडे त्यानंतर का येतात? हा जमा-खर्चाचा मामला आहे. जमेची बाजू 21 जूननंतर कमी व्हायला लागते खरी, पण खर्चापेक्षा जमा जास्त आहे तोपर्यंत शिल्लक वाढतच राहणार. जमिनीवर हा उशीर साधारण महिन्याभराचा, समुद्रावर आणखी जास्त, कारण पाणी तापायला आणि निवायला वेळ घेतं. दक्षिण गोलार्धाचा सुमारे 81 टक्के भाग पाणी आहे, उत्तरेचा 61, त्यामुळे दक्षिण गोलार्ध जानेवारीत सूर्याच्या जवळ असूनही त्याचे उन्हाळे-हिवाळे एकंदरीत सौम्यच. आणि अख्ख्या पृथ्वीचं सरासरी तापमान बघितलं तर ते जास्त असतं जुलैमध्ये, म्हणजे सूर्यापासून सगळ्यात लांब असताना, कारण उत्तरेकडची जमीन तेव्हा तापलेली असते. अंतरवाल्यांचं तोंड बंद करायला हे वाक्य लक्षात ठेवा.

आता स्क्रू. 0 वर आणलं की आस सरळ उभा, कुठलाही महिना लावा, प्रकाशवृत्त तिथेच. सगळीकडे बारा महिने सारखाच दिवस. विषुववृत्त गरम आणि ध्रुव थंड हे तरीही राहतं, बदल मात्र काही नाही, उरतो तो अंतराचा बारीकसा चढउतार. गुरू ग्रहाचं साधारण असंच आहे, झुकाव 3 अंश फक्त. 90 वर आणा, म्हणजे युरेनसच्या जवळपास, त्याचा 98 अंश. जूनमध्ये ध्रुव थेट सूर्यावर रोखलेला, मार्चला आडवा, डिसेंबरला पाठमोरा. युरेनसला एक फेरी मारायला 84 वर्षं लागतात, म्हणजे ध्रुवावर 42 वर्षं उजेड आणि 42 वर्षं अंधार, आमच्याकडे यावर बरीच चर्चा झाली की तिथे शाळा कधी भरवायची. 25 ची खूण असती तर मंगळही दाखवता आला असता, पण 23.5 आणि 25 मध्ये डोळ्याला काय फरक दिसणार. मंगळाची खरी मजा कक्षेत आहे, विकेंद्रता 0.093, जवळच्या टोकाला ऊन लांबच्या टोकापेक्षा जवळपास 45 टक्के जास्त, म्हणजे मंगळावर अंतराला खरंच किंमत आहे, तिथल्या दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा छोटा पण कडक. त्या अंड्याच्या चित्रावर मंगळ लिहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं.

आपला 23.5 पण कायमचा नाही बरं का. आत्ता नेमका आहे 23.44 च्या जवळ आणि कमी होत चाललाय, साधारण 41,000 वर्षांच्या चक्रात 22.1 ते 24.5 मध्ये वरखाली होतो. हे, ते परांचन आणि कक्षेचा कमी-जास्त होणारा लांबुळकेपणा, या तिन्हींवरून सर्बियाच्या मिलुटिन मिलान्कोविच यांनी हिमयुगांचा हिशोब मांडला. उत्तरेचा उन्हाळा पुरेसा तापला नाही की मागचा बर्फ शिल्लक राहतो आणि साठत जातो. स्क्रू इकडे-तिकडे एक अंश हलवून दाखवा, उजेडात फरक दिसतसुद्धा नाही, आणि तेवढ्याने बर्फाच्या चादरी पुढे-मागे होतात म्हटल्यावर पोरं परत नीट बघायला लागतात.

स्केलबद्दल लोक तक्रार करतात ती मला पटत नाही. 8 सेंटिमीटरच्या पृथ्वीला खरा सूर्य द्यायचा तर तो जवळपास पावणेनऊ मीटरचा होईल आणि 940 मीटर लांब ठेवायला लागेल, असा खोका कोण पाठवणार. चंद्राबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे. त्याची तार पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीतच सरळ लावलीये, त्यामुळे फिरवलं की दर फेरीला सूर्यग्रहण आणि चंद्रग्रहण. खरी चंद्राची कक्षा 5 अंशांनी कललेली आहे. पक्कडीने तार थोडी वाकवली की भागतं, पण ती वाकवलेली तारही ध्रुवासारखी एकाच दिशेला राहत नाही, कारण ती खुंटीला नाही दांड्याला जोडलीये. ग्रहणं शिकवायला घेत असाल तर दुसरं काहीतरी बघा.

बाकी प्लास्टिक ठीकठाक, गोळ्यावरची छपाई चांगली, अक्षवृत्तं नीट दिसतात, फक्त पॅसिफिकमध्ये जोड दिसतो. अडॅप्टर येत नाही, यूएसबी केबल येते, आणि ती बेसच्या खालून न निघता ऑक्टोबरच्या बाजूने निघते, तिथे चंद्राची तार दर फेरीला तिच्यात अडकते. केबल टेपने टेबलाला दाबून टाका, नाहीतर तिला ओढता ओढता परत बेल्टचे दात घसरतील.